एका घरच्या दोन तारखा

सुज्ञ वाचकहो, एका अनाथ मुलीच्या वयाची हकिकत मी पुढे यथाशक्ती कथन करणार आहे. तिला अठरा वर्षे पूर्ण झाली होती किंवा नव्हती, एवढाच काय तो प्रश्न होता; आणि त्याचे उत्तर कोणत्याही दप्तरात नसून चार शेजाऱ्यांच्या स्मरणात होते. ज्यांच्या हातून या प्रकरणाचा निकाल लागला, त्या सूर्यकांत गोठोसकर यांनी ही हकिकत मला स्वमुखाने सांगितली. सांगताना त्यांनी स्वतःला पाठीशी घातले नाही, आणि म्हणून मीही घालणार नाही.

सन दोन हजार नऊचा जानेवारी महिना होता. उम्म अल कुवैनच्या औद्योगिक वसाहतीत एसीची हवा वाहून नेणारे पत्र्याचे डक्ट तयार करणारा एक कारखाना होता, आणि सूर्यकांतराव तेथे स्टोअर-इनचार्ज होते. दुबईतील इमारती अर्ध्यावर थांबल्या होत्या. तयार मालाला कोणी गिऱ्हाईक नसल्यामुळे डक्टचे ढीग आवारात ऊन खात पडले होते. दर गुरुवारी दुपारी हजेरीच्या फलकावर एक यादी लागत असे. त्या यादीत ज्याचे नाव येई, त्याचा व्हिसा रद्द होई आणि तीस दिवसांत त्याला कुटुंबासह देश सोडावा लागे. दुबईच्या मुहैस्नाह भागातल्या कॅम्पातून येणाऱ्या कामगारांच्या पूर्वी चार बसगाड्या होत्या. त्यांची आता एक झाली होती, आणि तिच्यातही बसायला जागा मिळत होती. अरबाबाच्या, म्हणजे अरब मालकाच्या, हुकमावरून ही यादी जनरल मॅनेजर वासुदेव धारप करीत असत.

आपली मुलगी अस्मी हिची बारावीची बोर्डाची परीक्षा होईपर्यंत आपले नाव त्या फलकावर येऊ नये, एवढेच सूर्यकांतराव देवाजवळ मागत होते. अस्मीचा व्हिसा वडिलांच्या व्हिशावर अवलंबून होता. दर गुरुवारी संध्याकाळी दार उघडताच ती पहिला प्रश्न विचारी, "पप्पा, वॉज युअर नेम देअर?" ते मान हलवून नाही म्हणत. मग ती म्हणे, "गुड. प्लीज डोन्ट गेट फायर्ड बिफोर मार्च, ओके?" आणि परत पुस्तकात डोके घाली.

आता अठरा वर्षे मागे जाणे प्राप्त आहे.

सन एकोणीसशे नव्वद साली सूर्यकांतराव व त्यांच्या पत्नी अनुपमाबाई, हे गोठोसकर दांपत्य, उम्म अल कुवैनच्या जुन्या गावात राहत होते. एका अंगणाभोवती चार खोल्या होत्या. समोरच्या खोलीत मुकुंद धारप, म्हणजे वासुदेवरावांचे थोरले बंधू, पत्नीसह राहत. उजवीकडे मरियमबी नावाची सुईण, रत्नागिरीकडची. डावीकडे यूनुस याचे किराणा दुकान. ऑगस्टमध्ये कुवेतवर आक्रमण झाले आणि सूर्यकांतराव व मुकुंदराव ज्या वर्कशॉपात नोकरीस होते, त्याचा मालक टाळे लावून निघून गेला. दोन्ही कुटुंबांचे व्हिसा संपले. विमानाचे तिकीट परवडेना आणि राहणे कायद्यात बसेना, अशी इकडे आड तिकडे विहीर झाली. रुग्णालयात जावे तर पहिल्यांदा व्हिसा विचारीत. त्यामुळे दोन्ही घरचे दुखणेबाणे आणि बाळंतपण मरियमबीच्याच हाती होते.

सूर्यकांतरावांना तेव्हा पहिला मुलगा होता, अंकुर, पाच महिन्यांचा. नोव्हेंबरच्या नऊ तारखेस, शुक्रवारी, तीन दिवसांच्या तापाने तो सकाळी गेला. दुपारी समोरच्या खोलीत मैथिलीचा जन्म झाला. मुकुंदरावांच्या पत्नीस दूध आले नाही. तेव्हा मरियमबीने ते तान्हे मूल उचलून अंगण ओलांडले आणि शब्दही न बोलता अनुपमाबाईंच्या मांडीवर ठेवले. अनुपमाबाईंनी एकदा मुलीकडे पाहिले, एकदा रिकाम्या पाळण्याकडे पाहिले, आणि तिला पदराखाली घेतले. पुढे चार महिने मैथिली त्यांच्याच दुधावर वाढली. अंकुरला त्याच संध्याकाळी मरियमबीच्या नवऱ्याने दाखवलेल्या जागी वाळूत ठेवले. त्याच्या जन्माचा कागद करायचा राहूनच गेला होता, तसा मृत्यूचाही झाला नाही.

पुढील वर्षाच्या अखेरीस मुकुंदरावांना नवी नोकरी आणि कुटुंबाचा व्हिसा मिळाला. परंतु व्हिसा नसलेल्या आईस मूल झाले, हे कागदावर आणावे कसे? तेव्हा आपल्या लोकांत जी युक्ती सर्रास चाले, तीच त्यांनी केली. व्हिसानंतरची तारीख लावून मुलीची नोंद केली: एक जानेवारी एकोणीसशे ब्याण्णव. वर्षाचा पहिला दिवस घेतला, कारण खोटी तारीख घरात कोणी विसरू नये. अशा रीतीने चालू लागलेली मुलगी कागदावर नुकती जन्मली. शाळेत ती सर्वांहून डोकेभर उंच असे, आणि बाई म्हणत की धारपांच्या घरी उंची आहे.

मैथिली आठ वर्षांची असताना तिची आई वारली. सन दोन हजार सात साली मुकुंदरावही गेले. मृत्युपत्रात त्यांनी लिहिले होते की बाणेरचा भूखंड मैथिलीस अठरा वर्षे पूर्ण होताच तिचा होईल, आणि तोपर्यंत बंधू वासुदेव त्याचा कारभार पाहील व प्रसंग पडल्यास विकूही शकेल. जन्मतारीख मात्र त्यांनी लिहिली नाही. मरणाच्या दारात खोटी लिहवेना आणि खरी लिहिण्याचे धैर्य होईना. भल्या माणसाची ही एक कुचराई, पण पुढचे सर्व रामायण तिच्यातूनच घडले.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी मैथिली गोठोसकरांकडे आली. शारजातील अल मजाजला काकांच्या फ्लॅटमध्ये राहून ती कॉलेज करीत होती. आपली खरी तारीख तिला नोव्हेंबरातच अनुपमाबाईंनी सांगितली होती.

"मावशी, काकांनी बायर शोधलाय," ती बसण्याआधीच म्हणाली. "फेब्रुवारीत सेल डीड करणार. मी फोनवर ऐकलं."

"पण तू अठराची झालीस की गं! आता त्यांना हक्कच नाही."

"पासपोर्टवर नाही झाले. मी पुण्याच्या वकिलांना लिहिलं, सबनीस म्हणून आहेत, बाबांचं विल त्यांनीच केलं होतं. ते म्हणतात, त्या वेळचे शेजारी शपथेवर सांगत असतील तर ते सेल थांबवू शकतात. पण नुसती तारीख सांगून चालणार नाही. ती तारीख तुमच्या लक्षात का राहिली, तुमच्या स्वतःच्या घरी त्या दिवशी काय घडलं होतं, तेही सांगायला लागेल."

मैथिलीने मान खाली घातली. "आय नो, मावशी. मला हे विचारायला नको होतं."

"विचारायला का नको?" अनुपमाबाई म्हणाल्या. "त्याचं नाव अठरा वर्षांत कुणी या घरात येऊन विचारलं नाही. अहो, तुम्ही सांगाल ना?"

"सांगेन म्हणजे? अलबत सांगेन," सूर्यकांतराव म्हणाले. "मुकुंदानं मला या कारखान्यात चिकटवलं. त्याच्या मुलीसाठी एवढंही करणार नाही?"

हे बोलणे त्यांनी मनापासून केले होते, असे ते मला म्हणाले. माझा त्यावर विश्वास आहे.

चौथ्या दिवशी वासुदेवरावांनी त्यांना केबिनमध्ये बोलावले.

"या गोठोसकर, बसा. चहा सांगू? सुलेमानी घ्या, दूध बंद केलंय ऑफिसचं. कॉस्ट कटिंग." ते स्वतःच्याच विनोदावर हसले. "आमच्या मैथिलीनं वकिलाकरवी मला नोटीस पाठवली. माझ्या घरात राहते, माझ्या फ्रिजमधलं खाते आणि मला नोटीस! घ्या."

"साहेब, पोर आहे."

"तेच तर म्हणतो मी! पोर आहे. अठराची नाही." वासुदेवरावांनी खुर्ची पुढे ओढली. "हे बघा, मी काही राक्षस नाही. टॉवरमध्ये दोन फ्लॅट बुक केले होते, आता तिथं नुसता खड्डा आहे. हप्ता चुकला की चेक बाउन्स, चेक बाउन्स की जेल. मी आत गेलो तर कुंदा आणि ही मुलगी कुठं जाणार? प्लॉट विकून आज मी उभा राहिलो तर उद्या तिलाच देईन. इन्शाल्ला. प्रश्न फक्त चौदा महिन्यांचा आहे."

त्यांनी टाइप केलेला एक कागद पुढे सरकवला. त्यात असे लिहिले होते की, माझा मुलगा अंकुर हा एक जानेवारी एकोणीसशे ब्याण्णव रोजी वारला, आणि त्याच दिवशी मैथिली धारप हिचा जन्म झाल्याचे मला पक्के स्मरते.

सूर्यकांतरावांनी तो दोनदा वाचला. "साहेब, हे कसं लिहू? तो नव्वदमध्ये गेला."

"गोठोसकर, गेला तो गेला. नव्वदमध्ये गेला काय आणि ब्याण्णवमध्ये गेला काय, त्याला आता काय फरक पडतो?"

"त्याचा कुठं कागदसुद्धा नाही हो."

"मग झालं तर! कागद नाही म्हणजे कुणाचं नुकसान नाही." मग वासुदेवराव खिडकीबाहेर आवारातल्या डक्टकडे पाहत, सहज बोलावे तसे बोलले, "अस्मीची बोर्डाची एक्झाम मार्चमध्ये ना? स्टोअरमध्ये दोन माणसं आहेत. इद्रीस आणि तुम्ही. माल तर हलत नाही. अरबाब म्हणतो, एकच ठेवा. एक्झामपर्यंत मी तुम्हाला ठेवतो. माझा शब्द."

सूर्यकांतरावांनी सही केली. ती करताना हात कापला नाही, हे त्यांना नंतर फार लागले. शारजात एका वकिलासमोर शपथेचा शिक्का बसला, आणि त्याची एक प्रत वासुदेवरावांच्या कपाटात गेली. घरी त्यांनी कोणास काही सांगितले नाही. जबाबाच्या दिवशी फक्त एवढेच म्हणाले, "तू येऊ नकोस. उगाच त्रास होईल तुला."

"त्रास? आज मला कुणी त्याच्याबद्दल विचारणार आहे," अनुपमाबाई म्हणाल्या, आणि कपाटातून नवी साडी काढली.

सबनीस वकील दुसऱ्या कामानिमित्त दुबईस आले होते. अल मजाजला वासुदेवरावांच्याच इमारतीच्या तळमजल्यावर, खाडीकडे तोंड असलेल्या सभागृहात शुक्रवारी सकाळी जबाब घेण्याचे ठरले. वासुदेवराव आणि त्यांच्या पत्नी कुंदाबाई एका बाजूस बसले, मैथिली दुसऱ्या बाजूस.

प्रथम यूनुस उठला. सत्तरीचा गृहस्थ, पण आवाज अजून दुकानदाराचा होता.

"मुकुंदभाई दुकानावर आले आणि साखर मागितली. मी म्हटलं, अरे बाबा, आज सूर्यकांतकडे मयत आणि तू साखर वाटणार? तर तो म्हणाला, वाटायची नाही रे, पोरीच्या ओठाला लावायची आहे फक्त. मी चिमूटभर कागदात बांधून दिली. पैसे नाही घेतले."

"साल कोणतं?" वकिलांनी विचारले.

"लढाईचं."

"कोणत्या लढाईचं? आधीचं की नंतरचं?"

"हबीबी, आम्ही इथं चाळीस वर्षं आहोत. लढाया किती झाल्या! दुकानदाराला लढाई म्हणजे पावडर दूध महाग." सगळे हसले. वकीलही हसले, पण त्यांनी वहीत काही लिहिले नाही.

मरियमबीला धरून आणले होते. तिला आता डोळ्यांनी दिसत नव्हते.

"तारीख मला कशाला विचारता, वकीलसाहेब? मी पाळण्याकडं बघणारी बाई, कॅलेंडराकडं नाय. एका दारातून डोळे पुसत निघाले आणि दुसऱ्या दारात मुबारक म्हणत शिरले, एवढंच मला ठावं. अंघोळ करायलासुद्धा टाइम नाय भेटला. अल्ला माफ करो, त्याच हातांनी ही पोरगी घेतली." तिने हवेत हात फिरवला. "खंय आहे ती? बोलत का नाय?"

"इथे आहे, नानी," मैथिली म्हणाली.

वकिलांनी चष्मा पुसला. "म्हणजे तुम्हा दोघांचीही आठवण गोठोसकरांच्या मुलाच्या मृत्यूला बांधलेली आहे. तो दिवस ठरला, की सगळं ठरलं. गोठोसकर, तुमचं लेखी निवेदन कालच मला मिळालं. वाचतो."

त्यांनी ते मोठ्याने वाचले.

ते संपले तेव्हा अनुपमाबाई प्रथम वकिलांकडे वळल्या, नवऱ्याकडे नाही. "टायपिंगमध्ये चूक झाली आहे," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. "दुरुस्त करून घ्या. नऊ नोव्हेंबर, नव्वद."

"बाई, खाली तुमच्या यजमानांची सही आहे. शिक्का आहे."

तेव्हा त्या वळल्या. "अहो?"

सूर्यकांतराव जमिनीकडे पाहत राहिले.

"अहो, सांगा ना. तुम्हीच त्याला उचलून नेलंत. तुमच्या चपलांत वाळू होती, मी ती दोन दिवस झटकली नव्हती. सांगा ना!"

"वहिनी, इतक्या वर्षांनी होतो कधी घोळ," वासुदेवराव मृदुपणे म्हणाले. "आईचं मन आहे."

"तुम्ही गप्प बसा!" अनुपमाबाई उभ्या राहिल्या. "वकीलसाहेब, माझी शपथ लिहा. माझा मुलगा नव्वदमध्ये गेला. ही मुलगी त्याच दुपारी झाली आणि चार महिने माझ्या अंगावर प्यायली. तो ब्याण्णवात गेला असेल, तर मी ते चार महिने कुणाचं दूध पाजत होते? आणि तो ब्याण्णवापर्यंत जगला असेल, तर तो दीड वर्षाचा झाला असणार. मग तो चालत होता का? मला आई म्हणत होता का? यांना विचारा! मला तर नाही आठवत."

कुंदाबाईंनी पदर तोंडाला लावला. मैथिली उठून अनुपमाबाईंच्या मागे जाऊन उभी राहिली.

सबनीस वकिलांनी निवेदनाचा कागद खाली ठेवला. मग म्हणाले, "गोठोसकर, अजूनही वेळ गेलेली नाही. सही चुकून झाली, असं तुम्ही आत्ता माझ्यासमोर म्हणालात तर मी ते लिहून घेईन. यांतलं खरं काय?"

वाचकहो, या जागी सूर्यकांतराव सांगता सांगता थांबले होते. ते म्हणाले की त्या क्षणी त्यांना अंकुर दिसला नाही, अनुपमा दिसली नाही, मैथिलीही दिसली नाही. त्यांना हजेरीचा फलक दिसला, आणि दारात उभी राहून प्रश्न विचारणारी अस्मी दिसली. त्यांनी वासुदेवरावांकडे पाहिले. वासुदेवराव मोबाइल पाहत होते.

"कागदावर आहे तेच खरं," सूर्यकांतराव म्हणाले.

वकिलांनी पेनाला टोपण लावले. "खोटं कोण बोलतंय ते मला दिसतंय, बाई," ते अनुपमाबाईंना म्हणाले. "पण मला दिसून उपयोग नाही. कोर्टात समोरचा वकील एवढंच म्हणेल, की ज्या आईबापांचं स्वतःच्या मुलाच्या मृत्यूवर एकमत नाही, ते दुसऱ्याच्या मुलीचा जन्म काय सांगणार? एका घरच्या दोन तारखा. तुमचे यजमान नुसते 'आठवत नाही' म्हणाले असते, तरी तुमच्या एकटीच्या शब्दावर मी लढलो असतो."

हे ऐकून सूर्यकांतरावांनी प्रथमच मान वर केली. नुसते आठवत नाही म्हणण्याची वाट होती, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. आणि त्यांनी ती स्वतः शोधलीही नव्हती.

पासपोर्टवरील तारीख कायम झाली. फेब्रुवारी संपण्यापूर्वी बाणेरचा भूखंड विकला गेला. आलेला पैसा वासुदेवरावांच्या हप्त्यांत असा गेला, जसे पाणी वाळूत जाते. मैथिली काकांचे घर सोडून एका मैत्रिणीकडे राहावयास गेली.

वासुदेवरावांनी मात्र शब्द पाळला. अगदी तंतोतंत पाळला. इद्रीसचे नाव जबाबानंतरच्या पहिल्याच गुरुवारी यादीत आले. अस्मीचा शेवटचा पेपर मंगळवारी झाला, आणि त्यापुढल्या गुरुवारी फलकावर पहिलेच नाव सूर्यकांत गोठोसकर असे होते. "एक्झामपर्यंत म्हणालो होतो, गोठोसकर," वासुदेवराव म्हणाले. "आता माझ्याही हातात काही नाही. खलास."

घरी अनुपमाबाई पूर्वीप्रमाणे डबा करीत, कपड्यांना इस्त्री करीत, वेळेवर जेवायला वाढीत. त्या भांडल्या नाहीत. पूर्वी कोणी मुलांविषयी विचारले की त्या म्हणत, "दोन. एक गेला." सामान बांधायला मदत करण्यासाठी शेजारची नूरजहाँ आली, तिने बोलता बोलता तोच प्रश्न केला. नवरा समोर खोक्यांना चिकटपट्टी लावीत बसला होता. अनुपमाबाई त्याच्याकडे पाहून म्हणाल्या, "एकच. ही अस्मी. दुसरा होता की नव्हता, ते यांना विचारावं लागेल. यांच्याकडं शिक्क्याचा कागद आहे." नूरजहाँला काही उमगले नाही. ती उगाच हसली.

निघण्याच्या दिवशी मैथिली निरोप द्यावयास आली. अनुपमाबाईंच्या गळ्यात पडून ती पुष्कळ रडली. अस्मीला तिने आपली पुस्तके दिली. सूर्यकांतराव बॅगा घेऊन लिफ्टपाशी उभे होते. आता ही काय बोलेल ते ऐकून घ्यायचे, असे त्यांनी मनाशी ठरवले होते. विश्वासघातकी म्हणेल, खोटारडा म्हणेल, म्हणू दे.

मैथिली त्यांच्यापाशी आली. तिने एक बॅग उचलून लिफ्टमध्ये ठेवली.

"इट्स ओके, अंकल," ती म्हणाली. "यू हॅड अस्मी. आय अंडरस्टँड."

लिफ्टचे दार बंद झाले. सूर्यकांतराव मला म्हणाले, "ती तोंडावर थुंकली असती, तर पुसता तरी आलं असतं."

ही हकिकत येथे संपते. स्टोअरमधील ज्या इद्रीसचे नाव यादीत आधी आले, तो मीच. माझी नोकरी त्यांच्या सहीपायी गेली, हेही सूर्यकांतरावांनी मजजवळ कबूल केले, आणि ते कबूल केले म्हणूनच मी बाकीचे ऐकू शकलो. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे आहे. लिहिण्यात काही उणे राहिले असेल तर ते माझे समजावे. आपण आपला अमूल्य वेळ देऊन शेवटपर्यंत वाचलेत, याबद्दल मी आपला अत्यंत ऋणी आहे.

आपला नम्र,
इद्रीस महमूद परकार